जुनं ट्वीड जॅकेट खांद्यात मोठं असेल तर शिंपी ते कमी करून देईल का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: तुमची छाती 40 इंच. आवडलेल्या जुन्या हॅरिस ट्वीडच्या (म्हणजे जाड लोकरी कापडाच्या) जॅकेटवर 42 लिहिलंय आणि त्याचा खांदा भरतोय 19 इंच. तुमच्या अंगावर नीट बसणाऱ्या ब्लेझरचा खांदा मात्र 17.5. तर दीड इंच कमी होईल का, आणि घातल्यावर आजोबांचा कोट चढवल्यासारखं दिसू नये म्हणून काय करायचं?

सोडून द्या ते जॅकेट. कापड सुंदर असणार याबद्दल वाद नाही, पण सोडून द्या.

खांदा कमी करायचा म्हणजे बाही अख्खी उसवायची, पॅड काढायचं, आतला कॅनव्हास (जॅकेटला आकार देणारा मधला थर) कापायचा, मुंढा (बाही जिथे जोडतात ते भोक) नव्याने आखायचा आणि बाही पुन्हा त्यात बसवायची. थोडक्यात, अर्धं जॅकेट परत शिवायचं. चांगला कारागीर हे ऐकून आधी ‘नको’च म्हणतो. जो ऐकल्या ऐकल्या ‘होऊन जाईल’ म्हणतो, त्याची मला धास्ती वाटते, कारण अशाच एका ‘होऊन जाईल’वर मी विश्वास टाकला होता. हेरिंगबोन विणीचं करडं जॅकेट होतं. परत आलं तेव्हा खांदे मापात होते, पण बाह्यांचा कल बिघडला होता. हात सरळ सोडून उभा राहिलो की दोन्ही दंडांवर तिरप्या चुण्या. ते अजून कपाटात आहे. टाकवत नाही आणि घालवतही नाही.

अर्धा इंच इकडेतिकडे चालतं, त्यापुढे नाही. जॅकेट हातात असेल तर एक सोपी परीक्षा आहे: भिंतीला एक बाजू करून उभं राहायचं आणि हळूच तिच्याकडे सरकायचं. दंडाआधी पॅड भिंतीला टेकलं, तर खांदा तुमचा नाही.

तो 42 आकडा तर विसरूनच जा. एकाच आकड्याची दोन जुनी जॅकेटं मी एकमेकांवर ठेवून पाहिली आहेत, छातीत सरळ दोन इंचांचा फरक होता. शिवाय मधल्या काळात कुणी ते आटवून घेतलं असेल, तरी लेबल जुनंच राहतं. त्यापेक्षा तुमचा तो नीट बसणारा ब्लेझर बटणं लावून पलंगावर सपाट पसरा. काखेपासून काखेपर्यंत, पाठीवर खांद्याच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत, खांद्यापासून बाहीच्या टोकापर्यंत आणि मागे कॉलरच्या खालून काठापर्यंत, अशी चार मापं घ्या आणि मोबाइलमध्ये ठेवा. विक्रेत्याला हीच चार विचारायची. छाती 40 असेल तर काखेतलं सपाट माप 22 इंचांच्या आसपास हवं, म्हणजे घेरात चारेक इंचांचा सैलपणा राहतो. ट्वीडखाली स्वेटर घालणार असाल तर थोडं आणखी.

दुसरी अवघड जागा म्हणजे मान. कॉलर शर्टाला चिकटून बसली पाहिजे. मागे बोट जाईल एवढी फट दिसत असेल तर बहुतेक वेळा दोष पाठीच्या कापात असतो, आणि तो काढणं महागात पडतं. कॉलरच्या खाली आडवी वळी पडत असेल तर मात्र ते काम शिंप्याच्या आवाक्यातलं आहे.

बाकी बरंच काही हातात असतं. कंबर आत घेता येते, पण दोन इंचांहून जास्त घेतली तर खिसे पाठीकडे सरकायला लागतात. बाही आखूड असेल तर आत दुमडलेलं कापड बघा. असेल तर सुटतं, फक्त जुन्या घडीची फिकट रेघ राहू शकते. बाहीवरची काजं खरी कापलेली असतील तर खालून लांबी कमी करणं जमत नाही. आणि जॅकेटची उंची कमी करायच्या फंदात पडू नका, खिसे पार काठावर लोंबल्यासारखे दिसतात.

इथे एक उलटं वाटणारं सांगतो. चांगल्या शिवलेल्या जुन्या जॅकेटांचा मुंढा बहुधा उंच आणि लहान असतो. पहिल्यांदा घातलं की काखेत काहीतरी आहे असं जाणवतं आणि माणूस ‘घट्ट आहे’ म्हणून परत करतो. घाई करू नका. हात वर करून वरच्या फळीवरचं पुस्तक काढून बघा. उंच मुंढ्याचं जॅकेट जागेवर राहतं, फक्त हात वर जातो. मोठ्या मुंढ्याचं असेल तर अख्खं जॅकेट हाताबरोबर कानापर्यंत येतं. ही गंमत एकदा कळली की सैल मुंढ्याचं काही घालवत नाही.

आता आतली बाजू. बटणाच्या काजाखाली कापड चिमटीत धरून पुढचा आणि मागचा थर वेगळे ओढा. मध्ये तिसरा थर सुटा लागला तर तो कॅनव्हास. सगळं एकजीव लागलं तर आतला थर डिंकासारख्या गोंदाने चिकटवलेला आहे. तो गोंद जुना झाला की छातीवर बारीक फोड आल्यासारखं कापड फुगतं, आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. मग जॅकेट उजेडासमोर धरा. कसर लागली असेल तर टाचणीएवढी भोकं चमकतात. एकदोन असतील तर रफू होईल, ट्वीडवर तर दिसणारही नाही.

काळ ओळखायचा असेल तर लेबलं कामाला येतात. लोकरीच्या लडीसारखं ‘वूलमार्क’ चिन्ह 1964 मध्ये आलं, तेव्हा ते असलेलं जॅकेट त्याआधीचं नाही. अमेरिकी जॅकेटात धुण्याच्या सूचनांची पट्टी असेल तर ते बहुधा 1972 नंतरचं. ब्रिटिश कपड्यावर ‘सीसी 41’ दिसलं तर ते 1941 ते 1952 मधल्या युटिलिटी योजनेचं, म्हणजे युद्धकाळात सरकारने सुरू केलेल्या काटकसरीच्या कपड्यांपैकी. लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या प्रसिद्ध रस्त्यावर मापाने शिवलेलं असेल तर आतल्या खिशात हात घाला. तिथल्या लेबलावर बऱ्याचदा ग्राहकाचं नाव आणि तारीख हाताने लिहिलेली सापडते. हॅरिस ट्वीडच्या लेबलावरचा गोल आणि क्रॉस मात्र कापडाची हमी देतो, शिलाईची नाही. कापड स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर विणकराच्या घरी विणलेलं असतं, पण त्याचं जॅकेट जगात कुणीही शिवलेलं असू शकतं.

आजोबांचा कोट दिसण्याबद्दल: एका वेळी जुनी वस्तू एकच. त्यावर जुनी टाय, जुनी हॅट आणि साखळीचं घड्याळ आलं की माणूस नाटकाच्या तालमीला निघाल्यासारखा दिसतो. साधा शर्ट, साधी पँट पुरते. पण पँटची कंबर बघा. जुनी जॅकेटं उंच कमरेच्या पँटवर घालायची म्हणून कापलेली असत. कमरेखाली बसणारी जीन्स घातली तर बटणाखाली शर्टाचा पांढरा त्रिकोण डोकावतो, आणि मग जॅकेटच आखूड वाटायला लागतं. दोष पँटचा असतो. सर्वात खालचं बटण उघडंच ठेवा.

दुसरं जॅकेट मिळालं की लगेच कपाटात टांगू नका. त्यात कसरीची अंडी असतील तर तुमचे स्वेटरही जातील. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा, मग बाहेर काढून ब्रश मारा आणि सावलीत वारा लागू द्या. डांबरगोळ्यांचा वास जायला आठवडे लागतात. आणि फ्रीझरमध्ये कोट का आहे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं.