कड्यावरची आग्या आणि पेटीतली सातेरी: फरक काय?

तुम्ही विचारलंय, महाबळेश्वरला कड्याला लटकलेलं मोहोळ आणि मधपेटीतल्या माश्या एकच का, आणि ते मोहोळ पेटीत भरता येईल का. नाही येणार. कड्यावरची ती आग्या, पेटीतली सातेरी. जावळी खोऱ्यात पंधरा वर्षं मी सातेरी पाळतोय. आग्याला मात्र लांबूनच हात जोडतो.

दोघींची घरं बघा, बाकीचं आपोआप उलगडतं. आग्या उघड्यावर एकच भलंमोठं पोळं बांधते, कड्याच्या पोटाला नाहीतर उंच फांदीखाली. ना भिंत ना छप्पर, म्हणून माश्याच एकमेकींना धरून पोळ्यावर पडदा करतात. गांधीलमाशी जवळ आली की त्या पडद्यावर लाट सळसळत जाते. एकदा पाहाच, अंगावर काटा येतो! सातेरी आकाराने बरीच लहान. ती ढोलीत, कपारीत, रिकाम्या वारुळात, अंधारात सहा-सात पोळी शेजारी शेजारी लावते. मधपेटी म्हणजे तिच्यासाठी केलेली ढोलीच. आग्या तिथे कशी नांदेल?

रागाचं मूळही तिथंच. उघड्या घराला राखण जास्त लागते. एका आग्याने डंख मारला की त्याच्या वासाने बाकीच्या धावून येतात. म्हणून मोहोळाखाली चूल पेटवू नका, पोरांना दगड मारू देऊ नका. उठल्याच तर हात न झटकता, तोंड-डोकं झाकून लांब पळा आणि बंद गाडीत किंवा घरात शिरा. पाण्यात उडी नको, त्या वर घिरट्या घालत राहतात.

जांभूळ, हिरडा फुलला की दोघी एकाच झाडावर असतात. आग्या चांदण्या रात्रीही मध गोळा करते, सातेरी नाही. पावसाळ्यात आग्या घाट सोडून जाते आणि पुन्हा बहुतेक त्याच झाडावर येते. सातेरी जागा धरून राहते, तिला आम्ही साखरेचा पाक देतो.

टेंभा लावून आग्या मोहोळ जाळतात, ते बघून जीव तुटतो. मध पोळ्याच्या वरच्या एका बाजूला असतो, अळ्या खाली. तेवढाच मधाचा भाग कापला तर पोळं जगतं. पण ते काम जाणत्याचंच. तुम्ही आलात तर महाबळेश्वरजवळच्या मांघर गावाला जा, 2022 मध्ये ते ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालंय. तिथल्या मधपाळाला पेटी उघडून राणी दाखवायला सांगा.