विचारा, सांगतो : पत्र्यांवरून दिसणारं विमान

या महिन्यात विमानांच्या फोटोंबद्दल इतकी पत्रं आली की लग्नाच्या अल्बमचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत. मुंबई विमानतळाला लागून, जरीमरीला माझा स्टुडिओ होता. तीस वर्षं तिथे पासपोर्ट फोटो काढले. विमान डोक्यावर आलं की खुर्चीतलं गिऱ्हाईक हमखास वर बघायचं आणि फोटो वाया जायचा. तेव्हा ठरवलं, गिऱ्हाईक वर बघतंय तर आपणही बघावं. नाद लागला तो असा.

काका, मी घाटकोपर पश्चिमेला राहतो, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गच्चीवरून थेट धावपट्टी दिसते. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि ७०-३०० लेन्स आहे. पण उतरणाऱ्या विमानांचे फोटो मऊ येतात, कडा धूसर. कॉम्प्युटरवर शार्प केले तर कडेला पांढरी रेघ उमटते. एका स्पर्धेतून हेच कारण देऊन फोटो परत आला. १५०-६०० लेन्स घेऊ का? तीन फोटो पाठवतोय.

घेऊ नकोस. निदान अजून तरी नको.

तुझे तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. फाईलमध्ये वेळ असते, तीही पाहिली: दुपारचे १.४०, १.५२ आणि २.१०. आता दुसऱ्या फोटोतली खिडक्यांची ओळ बघ. पट्टीने मारल्यासारखी सरळ हवी, ती पाण्यातून पाहिल्यासारखी वरखाली झालीय. शेपटीवरचं कंपनीचं चिन्हही एका बाजूला वितळल्यासारखं दिसतं. यात लेन्सचा दोष नाही. तुझी गच्ची आणि धावपट्टी यांच्यामध्ये असल्फा, साकीनाका, जरीमरी इथल्या घरांचे हजारो पत्रे पसरलेत. भर दुपारी त्या पत्र्यांवरून गरम हवा उठते, वरच्या थंड हवेत मिसळते आणि प्रकाश जाता जाता वाकत जातो. हायवेवर डांबरावर दिसतात त्याच या झळा. तू तीन-चार किलोमीटर झळांमधून फोटो काढतोयस. ६०० ची लेन्स लावलीस तर झळाही दुप्पट मोठ्या दिसतील, वर लाखभर रुपये गेल्याचं दुःख.

थोडं गणित कर, तुला जमेल. एअरबस ए३२० सुमारे साडेसदतीस मीटर लांब असतं. तुझ्या क्रॉप सेन्सरच्या (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरला हे विमान पावणेपाचशे मीटरवर असलं की फ्रेम काठोकाठ भरते. तेच तीन किलोमीटरवर असलं तर ६००० पैकी जेमतेम साडेनऊशे पिक्सेलांत मावतं. मग तू ते कापून मोठं करतोस, आणि मऊपणा, दाणे (फोटोतली खरखर), झळा सगळंच त्याच्याबरोबर मोठं होतं. २४ मेगापिक्सेलचे पैसे दिलेस आणि वापरतोयस एखाद-दुसरा.

उपाय तुझ्या गच्चीवरच आहे, फक्त मान वळव. वारा बहुतेक वेळ पश्चिमेचा असतो, त्यामुळे विमानं खाडीकडून येतात आणि घाटकोपरवरूनच २७ क्रमांकाच्या धावपट्टीकडे जातात. उतरताना ती साधारण तीन अंशांच्या उतारावर असतात, म्हणजे दर किलोमीटरला पन्नासेक मीटर खाली. तुझ्या भागावरून जाताना दोनशे मीटरच्या आसपास असतील. विमान तुझ्या बरोबर बाजूला येतं तेव्हा दाब. तेव्हा तू त्याच्याकडे वर बघत असतोस, मधे पत्रे नाहीत, नुसती मोकळी हवा. धावपट्टीला चाकं टेकल्याचा धूर पकडायचा मोह सोड. तो तुझ्या गच्चीवरून कधीच नीट येणार नाही.

वेळही बदल. सकाळी साडेसातला पत्रे अजून गार असतात, पण ऊन पूर्वेचं, म्हणजे शेपटीवर पडतं आणि नाक सावलीत राहतं. थंडीत चार ते साडेपाच मला सगळ्यांत आवडते. सूर्य नैर्ऋत्येला असतो, म्हणून विमानाच्या मार्गाच्या दक्षिणेला उभं राहायचं. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबईत सूर्य माध्यान्हीला डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो (शून्य सावलीचे दिवस शाळेत केले असशीलच) आणि मावळतो वायव्येला. तेव्हा उत्तरेची बाजू धर. तुझी इमारत नेमकी कुठल्या बाजूला आहे ते तू लिहिलेलं नाहीस. दक्षिणेला असलास तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी तुझे.

शंका राहिली तर एक चाचणी सांगतो. एकाच विमानाचे ओळीने दहा फोटो काढ. दहाही फोटो सारखेच मऊ असतील तर फोकस किंवा लेन्स. प्रत्येक फोटोत वेगळाच भाग बिघडला असेल तर हवा. सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर फोटो हललाय. उतरणारं विमान ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतं, म्हणजे सेकंदाला सत्तर मीटर. १/५०० सेकंदातसुद्धा ते १४ सेंटिमीटर पुढे सरकतं. म्हणून शटर (ते किती वेळ उघडं राहतं तो आकडा) १/१००० च्या खाली नेऊ नकोस आणि कॅमेरा विमानाबरोबर फिरवत राहा. बटण दाबल्यावरही हात थांबवायचा नाही. सगळे थांबतात, मीही थांबायचो. फोकस सततच्या मोडवर ठेव. छिद्र (लेन्समधून उजेड आत येतो ते भोक) एफ ८, कारण असल्या लेन्सा ३०० ला पूर्ण उघडल्या की मऊ पडतातच.

शार्पनिंग शेवटी, फोटो लहान करून झाल्यावर, आणि थोडंच. विमानाच्या पाठीवर आकाशाला लागून पांढरी रेघ दिसली की मागे फीर. मी कसोटी लावतो ती नोंदणीच्या अक्षरांवर. ‘व्हीटी’ (भारतीय विमानांची खूण) आणि पुढची तीन अक्षरं पूर्ण आकारात कोरल्यासारखी दिसली तर फोटो ठेवायचा, नाहीतर पुसायचा. मी शंभरातले नव्वद पुसतो.

मी कल्याणची, शाळेत शिक्षिका आहे. पंख्याच्या विमानांचे फोटो अगदी स्वच्छ येतात, पण पंखे थांबल्यासारखे दिसतात. विमान आकाशात टांगल्यासारखं वाटतं. माझं काय चुकतं?

बाई, चुकत काहीच नाही, तुम्ही फार चांगल्या आहात एवढंच. शटर १/१२५० वर ठेवलंय, बरोबर?

एटीआर ७२ या पंख्याच्या विमानाचा पंखा उड्डाणाच्या वेळी मिनिटाला सुमारे १२०० फेरे मारतो. सेकंदाला वीस. पाती सहा, म्हणजे दोन पात्यांमध्ये ६० अंश. १/१००० सेकंदात पातं सात अंश फिरतं, म्हणजे जवळपास उभंच. १/२५० ला २९ अंश, म्हणजे निम्मी जागा भरली. १/१२५ ला ५८ अंश, म्हणजे गोल जवळजवळ पूर्ण. मग १/१२५ वरच काढावं ना? काढा, पण विमान हललेलं येईल. मी स्वतः १/२५० ला थांबतो. त्यातही वीस फोटोंत दोन-तीन नीट येतात. लेन्समध्ये स्थिरीकरणाचे (हाताची थरथर सावरण्याचे) दोन मोड असतील तर दुसरा लावा, तो आडव्या फिरवण्याला अडवत नाही. कोपर छातीला टेकवा आणि कमरेपासून वळा, नुसते हात फिरवू नका.

हेलिकॉप्टर त्याहून अवघड. जुहूवरून जाणाऱ्यांची मोठी पाती सेकंदाला पाच-सहाच फेरे घेतात, तिथे १/६० पर्यंत उतरावं लागतं. ते अधांतरी स्थिर असेल तेव्हा प्रयत्न करा. जुहूला गेलातच तर मुलांना सांगा, १५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन याच विमानतळावर उतरले होते, एका इंजिनाच्या छोट्याशा पुस मॉथमधून.

पावसाळ्यात विमान काळपट आणि आकाश राखाडी येतं. उन्हाळ्यात उलट, पांढऱ्या विमानाचा रंगच जळतो. ठाण्याचा वाचक.

कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते ठाऊक नसतं. समोर जे येईल ते मधल्या राखाडीवर आणून ठेवणं एवढंच त्याला कळतं. ढगाळ आकाश फ्रेमचा नव्वद टक्के भाग व्यापतं, ते राखाडी झालं की विमान काळं पडणारच. पावसाळ्यात एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वर न्या. कडक उन्हात निळ्या आकाशापुढे पांढरं विमान असेल तर एक तृतीयांश स्टॉप खाली. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटलेला नसावा. आणि रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये) काढा. जळालेलं पांढरं रॉ मध्ये थोडं तरी परत येतं, जेपेगमध्ये गेलं ते गेलंच.

प्रकाश कमी म्हणून शटर मात्र खाली आणू नका. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ८०० करा, १६०० करा. दाणे नंतर पुसता येतात, हललेला फोटो पुसता येत नाही. पावसाळ्याला उगाच नावं ठेवतात. दमट हवेत मोठं विमान उतरताना पंखांवर वाफेची पांढरी चादर येते, ती ऑक्टोबरच्या उन्हात आयुष्यात दिसायची नाही. शिवाय पाऊस पडून गेल्यावर धूळ बसते आणि पत्रेही गार होतात.

फोटोंत आकाशात करडे ठिपके येतात. लेन्स पुसली तरी जात नाहीत. बुरशी असेल का? डोंबिवलीचा वाचक.

ठिपके दर फोटोत त्याच जागी असतील तर ती सेन्सरवरची धूळ. खात्री करायची तर एफ १६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो मुद्दाम फोकस चुकवून काढा आणि कॉम्प्युटरवर कॉन्ट्रास्ट ताणून बघा. एफ ८ ला हेच ठिपके फिके पडतात, म्हणून अनेकांना वर्षभर पत्ता नसतो. हाताच्या रबरी पंपाने हवा मारा, कॅमेरा खाली तोंड करून. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा डाग धुळीपेक्षा वाईट. तरी राहिले तर दुकानात द्या.

बुरशी असली तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, आणि फोटोत ठिपका नाही येत, सगळाच फोटो दुधाळ होतो. मुंबईत लेन्स कपाटात कातडी पिशवीत ठेवणं म्हणजे बुरशीला पाळणा बांधून देणं. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरे. तांदूळ नकोत, त्यांची पूड उडते.

दमटपणाने मला एकदाच रडवलंय. २२ एप्रिल २०२४, एअर इंडियाचं शेवटचं बोइंग ७४७, ‘आग्रा’, मुंबईतून कायमचं निघालं आणि उडताच पंख हलवून त्यानं निरोप घेतला. मी टॅक्सीत एसी लावून, कॅमेरा मांडीवर उघडा घेऊन गेलो. बाहेर पडलो आणि गार पडलेल्या लेन्सवर क्षणात दव. रुमालाने पुसलं, परत दव. माझ्याकडे त्या विमानाचे चौदा फोटो आहेत, चौदाही धुक्यातल्या म्हशीसारखे. एसीतून निघण्याआधी कॅमेरा बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा आणि बाहेर वीस मिनिटं तसाच ठेवायचा, हे मी तोवर शंभर जणांना सांगितलं होतं.

विमानतळाच्या भिंतीजवळ फोटो काढले तर चालतं का? एक वाचक, कुर्ला.

नाही. विमानतळावरच्या छायाचित्रणाला परवानगी लागते, ही अट १९३७ च्या विमान नियमांपासून आहे. भिंतीला लागून कॅमेरा रोखून उभं राहिलात तर कोणीही हटकेल, आणि त्याचं चुकत नाही. तुमची किंवा मित्राची गच्ची बघा, सोसायटीला विचारून. ड्रोनचा तर विचारही नको. मला एकदा एका हवालदाराने तासभर बसवून ठेवलं होतं. कार्डातले फोटो दाखवायला लावले, तर निम्मे एका बारशाचे निघाले. मग त्यानेच चहा मागवला.

माझ्याकडे फक्त फोन आहे. काही होईल का? मीरा रोड.

विमान मोठं करायला जाऊ नका, बोटांनी ताणलेला झूम म्हणजे कापणंच. त्याला लहान राहू द्या आणि बाकीची फ्रेम भरा. संध्याकाळी जुहूच्या वाळूवर उभे राहा. पश्चिमेकडे उडालेली विमानं समुद्रावर येतात, खाली भेळेच्या गाड्या, ओल्या वाळूत पडलेलं आकाश. फोन आडवा धरा, आकाशावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करा आणि विमान फ्रेमच्या तिसऱ्या हिश्शात येईपर्यंत थांबा. भिंग आधी शर्टाला पुसा, त्यावर भेळेचं तेल असतं.