गोलाचं वांगं झालं? मास्टरला बोलण्याआधी रीड-पिक बघा

तुमची पोस्ट वाचून आधी हसू आलं, मग पोटात गोळा आला. कुशन कव्हरसाठी गोल फूल दिलं, इचलकरंजीहून सॅम्पल आलं तर फूल उभट, आणि मास्टर (कापड विणून घेणारे) म्हणतात ‘फाइलप्रमाणेच विणलंय’. ताई, मास्टर खरं बोलतायत. अकरा वर्षांपूर्वी मीही असंच एका मास्टरशी तावातावाने भांडले होते.

फाइल कशी करायची, रिपीट (पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा तुकडा) कसं जोडायचं हे तुम्हाला येतच असणार, ते सोडते.

माझं डिझाइन होतं मोगऱ्याचा गजरा. गोल, तीन इंचांचा, मध्ये एक इंच मोकळी जागा, म्हणजे चार इंचांचं रिपीट. कापड इंचाला 96 ताण्याचे (उभे) धागे आणि 72 पिकांचं (आडव्या धाग्यांचं) ठरलं होतं. हेच रीड-पिक. जकार्डचे (नक्षीसाठी ताण्याचे धागे उचलणाऱ्या यंत्राचे) 384 हुक, म्हणजे पन्ह्याच्या दिशेने हिशेब अगदी चोख बसत होता. त्या आनंदात मी दोन्ही बाजूंनी 384 चौकोन घेतले. स्क्रीनवर गजरा कसा पूर्ण चंद्रासारखा दिसला! पण फाइलमधला एक चौकोन म्हणजे आडवा मोजला तर एक ताण्याचा धागा, उभा मोजला तर एक पिक. स्क्रीनवरचा चौकोन चौरस असतो, कापडातला नसतो. गजऱ्याच्या उंचीला मी 288 चौकोन दिले होते. इंचाला 72 पिकं, म्हणजे 288 पिकांचे झाले चार इंच. द्यायला हवे होते 216. मागावरून पहिला हात कापड उतरलं तेव्हा जॉबरने (माग सांभाळणाऱ्याने) ते माझ्यापुढे धरलं आणि अगदी सरळ मनाने विचारलं, ‘ताई, वांगं आहे का हे?’

म्हणून तर जुने लोक 8 बाय 6 चा ग्राफ पेपर वापरायचे. 96 ला 72 म्हणजे आठाला सहा. तेवढ्याच जागेत उभ्या रेघा जास्त, आडव्या कमी, त्यामुळे कागदावर गोल दिसतं ते कापडातही गोलच उतरतं. कॉलेजात हे शिकवलं होतं, मीच त्या तासाला झोपले असणार.

आता माझा खरा राग. सॅम्पल न बघता सहाशे मीटर मागावर चढलं कसं? मी फाइलबरोबर एक कागद दिला होता, त्यावर हाताने काढलेला खऱ्या मापाचा गजरा आणि शेजारी ‘तीन इंच, तीन इंच’ असं लिहिलेलं. मधल्या ऑफिसने (नाव घेत नाही, कुणाला ओळखू आलं तर तेही सांगू नका) फक्त फाइल पुढे पाठवली. कागद ‘रेकॉर्डला’ ठेवला! कापड उतरेपर्यंत मागवाल्याशी थेट बोलायला मला मनाई, का तर मी दर फोडीन. मी विचारायचं ऑफिसला, ऑफिस विचारणार एजंटला, एजंट सांगणार मास्टरला, आणि उत्तर त्याच जिन्याने वर येणार. ‘सॅम्पल बघू द्या’ म्हणून तीनदा मेल टाकला. उत्तर आलं, ‘डिलिव्हरीची तारीख जवळ आहे.’ शेवटी नुकसान माझ्या बिलातून कापलं. माझी चूक चार आणे आणि ऑफिसची बारा आणे, असं मी बरीच वर्षं सांगत फिरले. आता आठ-आठ आणे म्हणते, त्याहून खाली येणार नाही.

तेव्हापासून मी कुठलंही डिझाइन नुसतं चित्र म्हणून देत नाही. मूडबोर्ड, फोटो, ‘पहिल्या पावसाची भावना’ वगैरे गिऱ्हाइकापुढे ठीक. मास्टरला भावना नको, त्याला धागे मोजून हवेत. फाइलच्या डोक्यावर रीड-पिक, सूत, तयार मोटिफचं (नक्षीतल्या आकृतीचं) इंचातलं माप, आणि हे माप ग्रे (मागावरून उतरलेल्या, न धुतलेल्या) कापडाचं की धुऊन आलेल्या, तेही लिहा, कारण धुतल्यावर कापड आटतं. फाइलमधला प्रत्येक रंग म्हणजे कुठली वीण, हे शब्दांत लिहा. तुम्ही लाल भरलात म्हणून तिथे लाल सूत पडत नाही. आणि पाकळीत लांब फ्लोट (विणीत न अडकता वर मोकळा राहिलेला धागा) सोडू नका, बांगडीत अडकून धागा ओढला जातो. हा अनुभव माझ्या सासूबाईंच्या बांगडीचा.

पट्ट्यांचं डिझाइन असेल तर चित्र काढूच नका असं माझं मत आहे. व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर खरं सूत शेजारी-शेजारी गुंडाळा आणि मागे धाग्यांचा हिशेब लिहा: लाल 24, पांढरा 4, लाल 4, पांढरा 40. असं एक कार्ड मी जॉबरच्या हातात दिलं तेव्हा त्याने नखाने धागे मोजले, मान डोलावली आणि एकही प्रश्न न विचारता निघून गेला. असं समाधान मला मोठ्या प्रेझेंटेशननंतरही कधी मिळालं नाही.

रंगाचा तुकडा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवरून पास करू नका. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन हिरवे उन्हात नेले की एकमेकांचे कोणी नसतात. पास केलेला तुकडा मधोमध कापा, दोन्ही अर्ध्यांवर सही-तारीख करा, एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. भांडणाच्या दिवशी हाच कामाला येतो.

हे सगळं सुती जकार्डबद्दल बोलतेय. प्रिंटवाल्यांनी माझं ऐकू नये. येवल्यात पैठणी विणणाऱ्यांना तर ‘बांगडी मोर’ किंवा ‘नारळी काठ’ म्हटलं की पुरतं, त्यांच्यात नावातच अर्धं डिझाइन येतं. आपल्या नव्या फुलांना अशी नावं नाहीत, म्हणून आपल्याला आकडे लिहावे लागतात.

मास्टरचा नंबर मिळत असेल तर आज फोन करा, आणि आधी ‘माझं चुकलं’ म्हणा. जमल्यास एक दिवस जाऊन मागाशेजारी बसा, कानात कापूस घालून. ऑफिस नको म्हणालं तरी जा (हे मी सांगितलं म्हणू नका). आणि तुमचं रीड-पिक किती ठरलंय, फाइल किती बाय किती चौकोनांची आहे, ते इथे टाका. फुलाला किती पिकं द्यायची ते काढून देते.