कॅमेऱ्याची परवानगी वेगळी, टॅगचा परवाना वेगळा

प्रश्न : एमएससीच्या प्रबंधासाठी कोयना अभयारण्यात खवले मांजरावर काम करायचं आहे. कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावेन, जमल्यास दोन प्राण्यांना रेडिओ टॅग (माग काढण्यासाठी अंगावर लावायचं संदेश देणारं यंत्र). एकच अर्ज चालेल का? – एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : नाही. अभयारण्यात शिरून निरीक्षण करणं, कॅमेरे लावणं यासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम २८. टॅगसाठी मात्र प्राणी पकडावा लागतो, आणि कायद्याच्या व्याख्येत पकडणं हीसुद्धा ‘शिकार’च! त्याला कलम १२ चा परवाना हवा. दोन्हींसाठी अर्ज नागपूरला, मुख्य वन्यजीव रक्षकांकडे, संस्थेमार्फत. पण खवले मांजर अनुसूची १ मध्ये, म्हणजे कायद्याने सर्वाधिक संरक्षण दिलेल्या प्राण्यांच्या यादीत, असल्याने टॅगच्या परवान्याआधी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. वेळ जातो तो इथेच. एमएससीच्या मुदतीत टॅगचा हट्ट सोडलेला बरा.

अर्जात शास्त्रीय नाव, ठिकाणं, कॅमेऱ्यांची संख्या, तारखा आणि सोबतच्या प्रत्येकाचं नाव लिहा. ‘आवश्यकतेनुसार’ असं मोघम लिहिलंत की शंका निघतात आणि फाइल परत फिरते. पकडायचंच असेल तर पद्धत, हाताळणीचा वेळ आणि पशुवैद्यकाचं संमतिपत्रही जोडा. अभयारण्याबाहेर, खासगी रानात कलम २८ लागत नाही. कलम १२ तिथेही सुटत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी परवान्याची प्रत वनक्षेत्रपालांना द्या.

वाटेत गळालेला खवला दिसला तर खिशात घालू नका. फोटो काढा, जीपीएस नोंद घ्या, वनरक्षकाला बोलवा. खवला शासनाची मालमत्ता आहे. ताब्यात आलाच तर ४८ तासांत कळवणं बंधनकारक आहे.