एड्समुळे आईवडील गेलेल्या मुलांवर नाशिकमध्ये माहितीपट करतोय. संस्थेची परवानगी आहे, तर मुलांचे चेहरे दाखवता येतील का?

नाही, संस्थेची परवानगी पुरेशी नाही. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७४ प्रमाणे अशा मुलांचं नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र, ओळख पटेल असं काहीही दाखवता येत नाही; ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कोणाला एचआयव्ही आहे हे संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या एचआयव्ही कायद्याचीही मनाई आहे. आणि कृपा करून नुसता चेहरा धूसर करून थांबू नका. गणवेश, संस्थेची पाटी, गल्ली, आवाज एवढ्यावरून सिडकोत किंवा पंचवटीत त्या पोराला कोणीही ओळखेल, आणि त्याचा त्रास त्यालाच होईल. मुलाच्या हिताचं असेल तर बाल कल्याण समिती कारणं लेखी नोंदवून परवानगी देऊ शकते. अर्ज तिथे करा.