वाचकांचे प्रश्न : शिखरावरून शिकारी पक्ष्यांची गणती

प्रश्न : वसंतात उत्तरेकडे परतणारे शिकारी पक्षी आम्ही चौघे मिळून शिखरावरून मोजतो. मोठा थवा आला की पक्षी गरगर फिरत राहतात आणि आकडा हातातून सुटतो. काय करावं?

उत्तर : पक्षी गरगरत असताना मोजूच नका. तापलेल्या जमिनीवरून हवेचा झोत वर चढतो आणि त्यात पक्षी पंख न हलवता घिरट्या घेत उंची गाठतात. त्या गर्दीत कोण मोजला, कोण राहिला याचा मेळ लागत नाही. झोताच्या माथ्यावर पोचले की ते पंख किंचित आखडून, एकामागून एक, पुढच्या झोताकडे सरळ उतरत निघतात. मोजायची ती ही रांग. दुर्बीण रांगेतल्या एका जागेवर स्थिर धरा आणि ती जागा ओलांडणाऱ्या प्रत्येक पक्ष्यासाठी हातातल्या काउंटरचं बटण दाबा. पक्ष्यांमागे दुर्बीण फिरवली की तेच पक्षी पुन्हा मोजले जातात.

रांग फारच दाट असेल तर दहा पक्षी नीट मोजा, त्यांनी दुर्बिणीत किती जागा व्यापली ते लक्षात ठेवा आणि उरलेली रांग त्या मापाने मोजा. हा आकडा अंदाजाचा आहे, हे तक्त्यात लिहायलाच हवं. मिश्र थव्यात जातवार वाटणीसाठी दुसऱ्याने 100 पक्ष्यांचा नमुना घ्यावा. तो रांगेच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असा मिळून हवा, कारण एका जातीचे पक्षी बरेचदा सलग जातात.

चौघांनी चार आकडे धरून त्यांची बेरीज करू नका. एकाने मोजावं, एकाने लिहावं, उरलेल्या दोघांनी फक्त पक्षी शोधून दाखवावेत.

प्रश्न : सकाळी पक्षी भरपूर, दुपारी आकाश रिकामं. तेव्हा गणती थांबवावी का?

उत्तर : मुळीच नाही. ऊन वाढतं तसे झोत जोर धरतात, पक्षी खूप उंच जातात आणि निरभ्र निळाईत नुसत्या डोळ्यांना सापडत नाहीत. पांढरे ढग असले तर त्यांच्यावर काळे ठिपके चटकन दिसतात, म्हणून आधी ढग तपासा. एरवी क्षितिजापासून सुरू करून दुर्बीण आडवी, संथ फिरवा. मग थोडी वर घेऊन परत, आधीचा पट्टा जरा झाकत, थेट डोक्यावरपर्यंत. यासाठी 8×42 दुर्बीण (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) आम्हाला जास्त सोयीची वाटते. 10×42 मधून ओळख पटायला मदत होते, पण दिसणारं आकाश सहसा कमी असतं आणि हात दुखले की चित्र हलतं.

आणखी एक अडचण डोळ्याची आहे. रिकाम्या आकाशात धरायला काही नसलं की डोळ्याचा फोकस आपोआप जवळ येतो आणि दूरचा पक्षी समोर असूनही दिसत नाही. म्हणून दर मिनिट-दोन मिनिटांनी दूरच्या कड्यावर नजर टेकवा. वसंतात पक्षी दक्षिणेकडून येतात आणि दुपारी सूर्यही तिकडेच असतो. दुर्बीण सूर्यावरून कधीही नेऊ नका, डोळा कायमचा जाऊ शकतो.

प्रश्न : स्थानिक पक्षी कसे वगळायचे?

उत्तर : शिखरावरून पूर्व-पश्चिम एक काल्पनिक रेघ ठरवा. ती ओलांडून उत्तरेला गेला आणि दिसेनासा झाला, तोच पक्षी मोजायचा. वसंतात स्थानिक जोड्यांचा विणीचा काळ असतो. आकाशात वर-खाली झोके घेणारा, पायात काटकी किंवा भक्ष्य धरलेला, जाणाऱ्या पक्ष्यावर झडप घालणारा पक्षी बहुधा तिथलाच. शंका असेल तर थोडं थांबा; स्थानिक पक्षी परततो.

प्रश्न : सुट्टीच्या एकाच आठवड्यात गणती उरकली तर?

उत्तर : त्या आठवड्यातल्या जातींचीच गणती होईल. इस्रायलमधल्या एलातच्या डोंगरांवर वसंतातला हा क्रम स्वच्छ दिसतो: स्टेप गरुड फेब्रुवारी-मार्चमध्ये, स्टेप बझर्डची गर्दी मार्चच्या अखेरीस, लेव्हंट स्पॅरोहॉक एप्रिलच्या उत्तरार्धात आणि युरोपीय मोहोळ घारी मेच्या सुरुवातीला. शिवाय बऱ्याच जातींत प्रौढ आधी येतात आणि कोवळे पक्षी मागून. वेळ कमीच असेल तर दरवर्षी तेच दिवस, तेच तास पाळा.

प्रश्न : तक्त्यात काय लिहावं?

उत्तर : दर तासाला जातवार आकडे, वाऱ्याचा वेग आणि तो कुठून येतो ती दिशा, तापमान, ढगांची टक्केवारी, किती दूरचं दिसतं आणि निरीक्षक किती. एकही पक्षी न दिसलेला तासही शून्य टाकून लिहा. तो गाळला तर तासामागची सरासरी फुगते आणि दोन वर्षांची तुलना फसते. ओळख पटली नाही तर ‘अनोळखी ससाणा’ किंवा नुसतं ‘अनोळखी शिकारी पक्षी’ लिहा. अंदाजाने जात ठरवू नका. गडगडाट ऐकू आला की वेळ नोंदवून लगेच शिखर सोडा आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं परतू नका. तेवढा वेळ गणतीच्या तासांतून वजा करा.