मेंदू नाकातून, आणि तेही जेवताना!

प्रश्न : ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. मामाने पुण्याहून त्याला वाढदिवसाला चार पुस्तकं पाठवली, इतिहासाचीच पण सगळी कार्टूनवाली, म्हणजे "तू इजिप्तमध्ये ममी झालास तर", "तू जहाजावर खलाशी असतास तर" असली. पोरगं नुसतं त्यातच असतं. परवा आम्ही तिसऱ्यांचं सुकं घेऊन जेवायला बसलो आणि याने सुरू केलं की ममी करताना मेंदू आकड्याने नाकातून ओढून काढायचे. सासूबाई ताटावरून उठल्याच, "जेवताना ह्या काय बोलतस मेल्या" म्हणून. आता त्या म्हणतात ती पुस्तकं माळ्यावर टाका. काय करू?
(एक आई, वेंगुर्ले)

उत्तर : माळ्यावर नका टाकू हो, जेवणाच्या खोलीबाहेर ठेवा फक्त. तुमच्या मुलाने सांगितलं ते खरंच आहे, मेंदू नाकातूनच काढायचे आणि फेकून द्यायचे, कारण त्याचा काही उपयोग असतो असं त्यांना वाटतच नव्हतं. हृदय मात्र जागेवर ठेवायचे, विचार हृदयात होतो अशी समजूत. हे ऐकून पोरगं ईऽऽ करतं आणि मग दोन मिनिटांनी विचारतं, "मग त्यांना कळायचं कसं की मेंदूने विचार करतात?" हा प्रश्न साध्या धड्यातून कधी येत नाही, माझा तरी अनुभव असाच आहे.

आणि सासूबाईंना एक काम द्या. नातवाला सांगायचं की आजीला विचार, मे महिन्यात बांगडा खारवते तो कसा. पोट साफ करायचं, मीठ भरायचं, पाणी सुटू द्यायचं, उन्हात कडक वाळवायचा. ममीचं तेच की! नेट्रॉन नावाचा मिठासोड्यासारखा खार असायचा, त्यात देह साधारण चाळीस दिवस ठेवायचे आणि सगळं मिळून सत्तर दिवस लागायचे. पाणी गेलं की कुजणं थांबलं, बांगडा काय नि फॅरो काय. आजी या विषयातली एक्स्पर्ट निघाली की ताटावरून उठणार नाही, उलट तीच चार चुका काढेल.

खलाशाच्या पुस्तकात स्कर्व्हीचं, म्हणजे ताजी फळं-भाज्या न मिळाल्याने होणाऱ्या आजाराचं, पान असेलच. हिरड्या सुजतात, दात हलायला लागतात, जुन्या बऱ्या झालेल्या जखमा परत उघडतात. चित्र गमतीशीर असतं पण हा आजार आपल्या अगदी दाराशी येऊन गेलाय. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतहून परत निघाला तो ऑगस्टच्या शेवटी, वारा अजून समोरून. वेंगुर्ल्याच्या कुठल्याही तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला विचारा तो सांगेल वारा फिरेपर्यंत थांब म्हणून, पण हे साहेब निघाले, मध्ये कारवारजवळ अंजदीव बेटावर थांबले आणि मग आफ्रिका गाठायला जवळजवळ तीन महिने, जाताना जे अंतर चारेक आठवड्यांच्या आत कापलं होतं ते. तीसेक माणसं त्या टप्प्यात या आजाराने मेली. तीन जहाजं चालवायला माणसंच उरली नाहीत म्हणून एक जहाज जाळून टाकलं. आणि औषध काय, तर लिंबू! 1747 मध्ये जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरने बारा आजारी खलाशी घेऊन दोघादोघांना वेगवेगळं काही देऊन बघितलं, त्यात संत्री-लिंबू खाणारे दोघं सहा दिवसांत उठून बसले. तरी इंग्रज आरमाराने लिंबाचा रस नेमाने द्यायला 1795 उजाडलं. अठ्ठेचाळीस वर्षं! सरकारी फाइल तेव्हाही अशीच हलायची वाटतं. माझा भाचा हे वाचल्यापासून तळलेल्या सुरमईवर न सांगता लिंबू पिळून घेतो, त्याआधी तोंड वाकडं करायचा.

एक मात्र बघा. हसू कोणावर आहे ते तपासा. जहाजाचा कप्तान, वैद्याची उलटी औषधं, राजाचा माज, यांच्यावर हसवत असेल तर खुशाल वाचू दे. पण साखळीने बांधलेल्या गुलामालाच विनोदी पात्र केलं असेल तर ते पान त्याच्याबरोबर बसून वाचा आणि विचारा, "यात गंमत कोणाला येतेय?" नऊ वर्षांच्या पोराला ते बरोबर कळतं.

प्रश्न : मी दापोली तालुक्यात प्राथमिक शाळेवर आहे. मुलांकडून असंच एक चित्रमय पुस्तक हाताने करून घ्यायचं डोक्यात आहे, पण रोमन नि इजिप्त नको, आपल्या किनाऱ्यावरचं हवं. विषय सुचवा. आणि रामदास बोटीवर केलं तर चालेल का?
(एक गुरुजी)

उत्तर : गुरुजी, शेवटचं आधी. रामदासवर पुस्तक करा, पण विनोदी नको. 17 जुलै 1947, बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, वाटेत बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. तुमच्या वर्गात नसेल पण शेजारच्या गावात कोणाचा तरी आजा त्यात असेल, आणि ज्याची आठवण काढणारं माणूस अजून घरात आहे त्याच्यावर कार्टून काढायचं नसतं. हा काही कुठे छापलेला नियम नाही, माझा आहे.

विनोदी करायला माझं मत लाय पाटलाला. जंजिऱ्याच्या वेढ्यातली गोष्ट सांगतात ती, की सोनकोळ्यांच्या या पाटलाने रात्री माणसं घेऊन तटाला शिड्या लावल्या, मोरोपंतांची फौज येऊन वर चढायची असं ठरलेलं, आणि फौज आलीच नाही. पहाट व्हायला लागली तशा शिड्या काढून गपचूप परत. विचार करा, खाली पाणी, वर सिद्दीचे पहारेकरी, हातात शिडी आणि ज्यांच्यासाठी धरलीय त्यांचा पत्ता नाही! "तू लाय पाटलाच्या टोळीत असतास तर" एवढं फळ्यावर लिहा आणि बाजूला व्हा.

मग प्रश्न मुलांनाच काढू द्या. कुठली रात्र निवडायची? शहरातलं पोर म्हणेल अमावस्या, अंधार पाहिजे म्हणून. कोळीवाड्यातलं पोर लगेच म्हणेल, अरे पण अमावस्येला उधाण असतं, होडी तटावर आपटेल, भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते ते, बघायला पाहिजे. मग भांग म्हणजे अष्टमीच्या आसपास, म्हणजे अर्धी रात्र चांदणं. मग चंद्र मावळल्यावर जायचं का? मग पहाटेपर्यंत वेळ किती उरतो? वर्गात यावर भांडण झालं तर होऊ द्या, हा इतिहास, भूगोल आणि गणित एका तासात चाललंय. शिंक आली तर काय करायचं याचं एक चित्र मात्र पाहिजेच पाहिजे.

शेवटच्या पानाला पालखी. महाराजांनी पाटलाला पालखीचा मान दिला तर तो म्हणे दर्यात फिरणाऱ्याला पालखी काय करायची, तेव्हा त्याला गलबत बांधून दिलं आणि गलबताचंच नाव ठेवलं पालखी. यापेक्षा चांगलं शेवटचं पान मला तरी सुचणार नाही.

प्रश्न : आमच्या वेळी इतिहास म्हणजे पराक्रम होता. आता नातवंडांच्या पुस्तकात उवा, संडास आणि गटारं. हे काय संस्कार?
(एक आजोबा, देवगड)

उत्तर : आजोबा, रागावू नका, पण मालवणला नातवंडांना घेऊन सिंधुदुर्गावर जा एकदा. 1664 साली काम सुरू झालेला, अठ्ठेचाळीस एकरांचा किल्ला, चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. आणि तटबंदीत बांधलेले शौचकूप आहेत, ते पण बघून या. समुद्रात एवढी माणसं महिनोन् महिने ठेवायची तर प्यायचं काय आणि जायचं कुठे हे आधी ठरवावं लागतं, हगवण लागलेली शिबंदी तोफ काय डागणार. बांधणाऱ्यांनी तो विचार केला होता. मला तर त्यातच पराक्रम दिसतो. उवांचं म्हणाल तर त्या तुमच्या वेळीही होत्या, पुस्तकात नव्हत्या इतकंच.

प्रश्न : ताई, व्हायकिंग लोकांच्या टोपीला खरंच शिंगं असायची का? दादा म्हणतो असायची, मी म्हणते नाही. पाव किलो खाजं लागलंय.
(इयत्ता सहावी, मालवण)

उत्तर : नव्हती गं. शिंगांची ती टोपी लोकांच्या डोक्यात बसली 1876 साली जर्मनीत झालेल्या एका ऑपेराच्या कपड्यांमुळे. नॉर्वेत 1943 मध्ये खरं शिरस्त्राण सापडलं ते साधं गोल, डोळ्यांपुढे चष्म्यासारखी पट्टी, शिंगबिंग काही नाही. आणि लढाईत शिंगं म्हणजे समोरच्याला धरायला मूठच की. खाजं वसूल कर, आणि लगेच दादाला विचार की रोमन आरमारातली जहाजं कोण वल्हवायचं. तो म्हणेल साखळदंडातले गुलाम. बहुतेक सगळे स्वतंत्र, पगारी लोक होते. आणखी पाव किलो.